घर पाडायच्या आधी एकदा ते कागदावर काढा



आपल्या या आठवणींच्या पानावर जुन्या घरांबद्दल खूप जण लिहितात. ओसरी येते, माजघर येतं, विहीर येते, आजीच्या हातची ज्वारीची भाकर येते आणि शेवटी ठरलेलं वाक्य येतं, ‘आता ते घर राहिलं नाही.’ मी ते सगळं आवडीनं वाचते. पण आज जरा भांडायला आले आहे. माझं म्हणणं सरळ आहे. जुनं घर पाडायला माझी हरकत नाही, पण पाडायच्या आधी घरातल्या एका तरी माणसानं ते बसून कागदावर काढलं पाहिजे. पेन्सिलनं, मापानं, आणि जमलं तर जलरंगात. त्यासाठी चित्रकार असावं लागत नाही. दोन-तीन महिने शिकायची तयारी लागते, बस.

‘आमच्याकडे फोटो आहेत की,’ असं तुम्ही म्हणाल. त्यावर येतेच. आधी मी कोण, कुठली ते सांगते.

माझं माहेर भीमपूर, जिल्हा आदिलाबाद. 2016 साली तेलंगणात नवे जिल्हे आणि मंडल झाले, तेव्हा भीमपूर स्वतंत्र मंडल झालं. त्याआधी आमचा कारभार तामसीला. मंडलाच्या उत्तरेला पैनगंगा, पलीकडे यवतमाळ जिल्हा. 1956 साली भाषेनुसार राज्यं झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट हे भाग तिकडे, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात गेले. आम्ही इकडे राहिलो. सोयरीक मात्र नदी ओलांडून चालूच राहिली. घरात मराठी, ऑफिसात तेलुगू, बाजारात दोन्ही आणि वर थोडी हिंदी. मी आदिलाबादेत मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत गणित शिकवलं. रिटायर झाल्यावर चित्रं शिकायला घेतली. पुण्याला असलेल्या मुलीनं मिलिंद मुळीकांची ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेली पुस्तकं पाठवली, बाकी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. म्हणजे मी जे लिहिते आहे ते हौशी माणसाचं मत आहे, कुणा जाणकाराचं नाही.

आता मुद्द्यावर.

हौस म्हणून चित्र शिकणारी बहुतेक मंडळी थेट रंगांवर जातात. ते साहजिक आहे, रंगात मजा आहे. पण मला वाटतं, आपल्या वयाच्या आणि आपल्यासारख्या गाव सोडलेल्या माणसांनी आधी यथार्थदर्शन शिकावं. मुलं त्याला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान दिसतं, आणि ते किती लहान दिसतं याला हिशेब असतो. युरोपात पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्सच्या ब्रुनेलेस्कीनं तो हिशेब प्रयोग करून दाखवला आणि 1435 साली आल्बर्टीनं तो पुस्तकात मांडला. आपल्या मुंबईत 1857 ला जे. जे. स्कूल सुरू झालं, तिथूनही ही विद्या इकडच्या पोरांना मिळाली.

पुस्तकात हे शिकवायला शहरातला रस्ता घेतात, दोन्ही बाजूंना उंच इमारती, खांब, दुकानं. आमच्याकडे कुठला असा रस्ता? पण भीमपूरकडची पांदण डोळ्यांपुढे आणा. दोन चाकोऱ्या, मध्ये गवत, दोन्ही अंगांना धुरे. चाकोऱ्या बंडीच्या चाकांच्या, म्हणजे दोघींमधलं अंतर कधीच बदलत नाही. तरी लांब पाहिलं की त्या एकमेकींकडे सरकत सरकत एका ठिपक्यात जातात. तो लोपबिंदू. पऱ्हाटीची तासं बघा, सगळी त्याच ठिपक्याकडे पळतात. आणि तो ठिपका ज्या आडव्या रेघेवर असतो ती क्षितिजरेषा. सपाट काळ्या रानात ती अगदी उघड दिसते.

आता यातली खरी मेख. ही क्षितिजरेषा रानाची नसते, तुमची असते. ती तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. तुम्ही उभे राहिलात की वर जाते, धुऱ्यावर बसलात की खाली येते. बंडीवर चढलात की तीही तुमच्याबरोबर चढते. डोळ्यांच्या वरचं जे काही मागे जाणारं असेल, छपराची वळचण म्हणा, ते लांब जाताना खाली उतरत रेघेकडे येतं. डोळ्यांच्या खालचं, म्हणजे ओट्याची कड, ते वर चढत रेघेकडे येतं. एवढा एक नियम हाताला बसला की अर्धं यथार्थदर्शन झालं. म्हणून चित्राला बसल्यावर पहिला प्रश्न ‘काय काढू’ हा नसतोच. पहिला प्रश्न असतो, ‘मी कुठून बघते आहे, आणि माझे डोळे जमिनीपासून किती उंच आहेत?’

मला वाटतं, हा प्रश्न आपल्या आठवणींच्या लिखाणालाही विचारायला हवा. तो मला कसा भेटला ते सांगते.

आमचं भीमपूरचं घर मातीच्या भिंतींचं, सागाच्या खांबांचं, वर कवेलू. भावांनी ते पाडून स्लॅबचं बांधायचं ठरवलं. मी विरोध केला नाही. जे लांब राहतात त्यांना कवेलूचं घर गोड वाटतं. जे त्यात राहतात त्यांना दर वर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरावे लागतात, आणि आता ते काम येणारी माणसं मिळत नाहीत. वानरं एका दुपारी महिन्याची मेहनत फोडून जातात. भिंतीत उंदीर, उंदरामागे साप. मोठ्या वहिनीनं तीस पावसाळे घरात घमेली मांडून काढले आहेत. तिला पक्कं घर हवं असेल तर मी कोण नको म्हणणारी?

फक्त मी म्हटलं, मला चार दिवस द्या. मी घर काढून घेते.

भाऊ हसला. म्हणाला, ‘अवो बाई, मोबाईलमधी शंभर फोटो आहेत. तू कायले कागद खराब करतं?’

मी ते फोटो पाहिले. खरंच शंभराच्या वर होते. लग्नातले, बारशातले, पोळ्याला बैल सजवून दारात उभे केलेले. आणि जवळपास सगळे एकाच ठिकाणाहून, अंगणातून, उभ्या माणसाच्या उंचीवरून. घर म्हणजे दर्शनी बाजू, ओसरी, ओसरीवर बसलेले पुरुष. आतल्या घराचे फोटो तीन-चार, तेही देवघराचे. चुलीच्या जागेवरून बाहेर बघणारा एकही फोटो नव्हता. त्या जागेवर आमच्या आईनं पन्नासच्या वर वर्षं काढली होती.

म्हणून मी पहिली तीन चित्रं बाहेरून काढली, रीतसर, आणि चौथं काढायला चुलीपुढं पाटावर बसले.

तिथं काय आहे ते गणिताच्या मास्तरणीच्या भाषेत सांगते. स्वयंपाकघरात चुलीपासून आठ फुटांवर माजघराचं दार. दाराला पडदा, जमिनीपासून दीड फूट वर संपणारा. पाटावर बसलेल्या बाईचे डोळे साधारण अडीच फुटांवर. उभ्या बाईचे पाच फुटांवर. आता पडद्याच्या खालच्या काठावरून नजर पलीकडे न्या. उभं राहिलं तर नजर उतरत जाऊन पडद्यापलीकडे साडेतीन फुटांच्या आत जमिनीला टेकते. म्हणजे उंबरा आणि त्यापुढची दोन हात जमीन दिसली, संपलं. बसलं तर तीच नजर पडद्यापलीकडे बारा फूट जाते, माजघर ओलांडून थेट ओसरीच्या काठापर्यंत. सातवीच्या पोराला समरूप त्रिकोण शिकवताना मी हे उदाहरण घेतलं असतं तर त्याला जन्मभर लक्षात राहिलं असतं.

तर त्या जागेवरून घर कसं दिसतं? वर अर्धा कागद पडदा. खाली पट्टीसारखा उजेड. त्या पट्टीत सारवलेली जमीन, खांबाचं खालचं दगडी तळखडं, आणि आलेल्या-गेलेल्यांचे पाय. बस. माणसांचे चेहरे त्या चित्रात येतच नाहीत.

चित्र आईला दाखवलं. तिची आता ऐंशी उलटली आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, दिसतं ठीक. बाहेरची तीन चित्रं तिनं ‘छान हाय’ म्हणून बाजूला ठेवली. चौथं हातात धरून ठेवलं. म्हणाली, ‘हे तं माह्या जाग्यावरून काढलं तू.’

मग ती पायांबद्दल बोलायला लागली. कुणाचे पाय कसे ते तिला सगळं पाठ. मोठ्या काकांच्या टाचा काळ्या चिखलात काम करून भेगाळलेल्या, त्या आल्या की ती आधी पाणी ठेवायची. आत्या चालताना जोडवी वाजायची नाहीत, कारण तिनं ती कधीच मोडून टाकली होती. आणि एक बूट. कापसाच्या हंगामानंतर ते बूट ओसरीवर आले की यंदा हिशेब जुळला नाही हे तिला आत कळायचं. ‘तुह्ये बाबा मले काही सांगत नव्हते. मले बुटावरूनच समजे. मंग त्या वर्षी मी लुगडं मागत नव्हती.’

आम्ही चौघं भावंडं. हे कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या घराची गोष्ट आम्ही इतकी वर्षं ओसरीवरून सांगत होतो. सालदार किती होते, कापूस किती गाड्या निघाला, कोण कोण पुढारी येऊन गेला. त्याच घराची दुसरी गोष्ट अडीच फुटांच्या उंचीवर बसून होती आणि तिला विचारायला कुणी तिथं खाली बसलंच नव्हतं.

आता फोटोबद्दल. त्याच पाटावर बसून मोबाईलनं फोटो काढला असता तर तोच पडदा, तीच पट्टी आली असती. यंत्राचा काही दोष नाही. पण फोटो कुणी तिथून काढला नाही, कारण फोटो काढायला बसावं लागत नाही. उभ्या उभ्या काम होतं, दोन सेकंदांत. चित्राला दीड-दोन तास एका जागी बसावं लागतं, आणि दोन तास चुलीपुढं बसलं की माणूस विचार करायला लागतो, की इथं बसणाऱ्याला काय दिसत असेल. शिवाय चित्र काढताना मोजावं लागतं. एक डोळा मिटून, हात ताठ करून पेन्सिल धरायची आणि दाराची उंची रुंदीच्या किती पट ते बघायचं. असं मोजलं की कळतं, आमच्या माजघराचं दार जेमतेम पाच फुटी होतं, वाकूनच आत जावं लागे. रोज वाकलो, पण ते मोजलं कधी नव्हतं.

नष्ट होणाऱ्या गोष्टी बसून उतरवून घ्यायची रीत आपल्या मुलखाला नवी नाही. 1872 पासून 1885 पर्यंत जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी, त्यात पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावाजलेले चित्रकार, अजिंठ्याच्या लेण्यांत जाऊन भित्तिचित्रांच्या नकला करत होते. त्यातल्या कितीतरी नकला 1885 मध्ये लंडनला आगीत गेल्या. पण जे हात तिथं वर्षानुवर्षं बसले ते शिकले, त्यांनी शिकलेलं पुढे गेलं. आमची पैनगंगा त्याच अजिंठ्याच्या डोंगररांगेतून निघते, म्हणून मला ही गोष्ट जरा जवळची वाटते. आपल्या मातीच्या घराला कुणी लेणं म्हणणार नाही. पण मग ते उतरवायला सरकार येणार नाही, संस्था येणार नाही. घरातल्या माणसानंच ते करायचं.

आता जलरंगांबद्दल, कारण काही जण म्हणतील, पेन्सिल पुरे की, रंग कशाला?

रंग यासाठी, की गावाची हवा पेन्सिलीत येत नाही. जलरंग पारदर्शक असतो. पांढरा रंग वेगळा लावत नाहीत, कागदाचा पांढरा राखून ठेवतात. आधी फिकं, मग गडद, उलटं चालत नाही. म्हणजे कुठं उजेड ठेवायचा हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं. पडद्याखालची ती उजेडाची पट्टी मी कोरी ठेवली, म्हणून ती चमकली. जलरंगाला शाळेतला खेळ समजणाऱ्यांनी म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हातात दिवा धरलेल्या बाईचं चित्र आठवावं. पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र वाटतं. ते सावंतवाडीकडच्या सा. ल. हळदणकरांचं जलरंगातलं चित्र आहे.

आणि यथार्थदर्शन रंगातही असतं. लांबच्या वस्तू नुसत्या लहान होत नाहीत, फिक्या आणि निळसर होतात, कारण मध्ये हवा असते, धूळ असते, धुकं असतं. नदीकाठी उभं राहा. अलीकडचं बाभळीचं झाड हिरवं-काळं, पलीकडची यवतमाळची झाडी करडी-निळी. दोन राज्यांमधली हद्द नकाशात ठसठशीत रेघेनं दाखवतात. जलरंगात ती रेघ काढताच येत नाही, हिरवा हळूहळू निळ्यात विरतो. मला ते जास्त खरं वाटतं.

आपल्या हवेची गंमतही सांगते. व्हिडिओत परदेशातला कलाकार सांगतो, रंगाचा हात देऊन दहा मिनिटं थांबा. आदिलाबादच्या मे महिन्यात, 44-45 अंशांत, ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत पहिलं टोक वाळतं. म्हणून उन्हाळ्यात पहाटे सहाला बसायचं, कागद मागूनही ओला करायचा, रंग पातळ आणि भरपूर कालवून ठेवायचा. उलट डिसेंबरात पारा एक आकडी उतरतो, तेव्हा तोच हात तासभर ओला राहतो, तोवर चहा पिऊन, गुरांना चारा टाकून या. काळी माती काळ्या रंगानं काढू नका, ती डांबरासारखी दिसते. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळा. पाऊस पडून गेल्यावरची ओली माती हवी तर निळा जास्त, मार्चातली भेगाळलेली माती हवी तर पाणी आणि सिएना जास्त. कवेलूला सिएनाच, पण प्रत्येक कवेलू काढत बसू नका. पुढची दोन रांग नीट काढा, मागे नुसता रंग सोडा, डोळा उरलेलं समजून घेतो.

आणखी एक गोष्ट आमच्या कापूसवाल्यांना सांगायलाच हवी. जलरंगासाठी सगळ्यात चांगला कागद कापसाचा असतो. लाकडाच्या लगद्याचा कागद दोन हात सोसतो, मग त्याचं पीठ निघतं. कापसाचा कागद घासला, भिजवला, पुन्हा भिजवला तरी टिकतो. जिनिंग झाल्यावर सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतूही कागदासाठी वापरतात. आयुष्यभर कापूस वेचलेल्या माझ्या आईला मी हे सांगितलं तेव्हा तिनं कागद बोटांनी चाचपून पाहिला आणि किंमत विचारली. किंमत ऐकून म्हणाली, ‘मंग आमाले कायले येवढा कमी भाव देत होते?’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

खर्चाचं मात्र घाबरू नका. शिकायला 2बी पेन्सिल, खोडरबर, मुलांचं परीक्षेचं पॅड आणि कोरी वही पुरते. रंगांना मराठी घरात ओळखीची कॅमलची पेटी चालते. दांडेकरांनी 1931 साली सुरू केलेल्या कॅमलिनचीच ती, आपण सगळ्यांनीच शाळेत वापरली आहे. ब्रश एक 8 नंबरचा आणि एक 12 नंबरचा गोल. पॅलेट म्हणून पांढरी ताटली. कापसाचा महाग कागद शेवटच्या चार चित्रांसाठी ठेवा.

माझी एक तक्रारही आहे. हौशी मंडळींची चित्रं पाहते तेव्हा त्यात व्हेनिसचे कालवे असतात, पॅरिसचे फुटपाथ असतात, पावसातली लंडनची टॅक्सी असते. व्हिडिओ पाहून केलेली नक्कल. हात बसायला नक्कल चांगली, त्यात लाज नाही. पण वर्षानुवर्षं तेच? जिथं आपण कधी उभे राहिलो नाही तिथली क्षितिजरेषा आपली कशी असणार? कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी कोटीतीर्थाचं तळं पुन्हा पुन्हा काढलं, ते रोज त्याच्या काठी असायचे म्हणून. 2007 साली सिअॅटलच्या गॅब्रिएल कांपानारिओ यांनी अर्बन स्केचर्स सुरू केलं, त्यांचाही पहिला आग्रह हाच, की जागेवर बसून, डोळ्यांनी बघून काढा. आपल्याकडे त्यांच्यासारखं शहर नाही, पण बसायला जागा आहे. भीमपूरकडे एकट्यानं रानात बसू नका एवढंच सांगेन. टिपेश्वरचे वाघ पैनगंगा ओलांडून आमच्या मंडलात येतात, आणि त्यांना चित्र पूर्ण होईपर्यंत थांबायची सवय नाही.

कुणी म्हणेल, यथार्थदर्शन हीच काय ती खरी चित्रकला? अजिबात नाही. वारली चित्रात तारप्याभोवतीचा नाचाचा फेर वरून पाहिल्यासारखा गोल आणि नाचणारी माणसं मात्र बाजूनं पाहिल्यासारखी असतात. जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली ती असल्याच चित्रांसाठी. त्या चित्रात ‘मी’ उभा नसतो, सगळा पाडा असतो. ती आपापली रीत आहे आणि मोठी आहे. पण आपण लिहितो ‘मी’ म्हणून, ‘आमचं घर’ म्हणून. जो माणूस ‘मी’ म्हणून आठवण सांगतो त्याला मी कुठं बसलो होतो हे ठाऊक असायला हवं. यथार्थदर्शन तेवढंच शिकवतं आणि ते चोख शिकवतं.

घर 2023 च्या उन्हाळ्यात पाडलं. नव्या घराचा नकाशा काढताना मिस्त्रीनं नेहमीसारखी तीन फुटांवर खिडकी दाखवली. धाकट्या भावानं ते चौथं चित्र त्याच्यापुढे ठेवलं. आई आता बराच वेळ खाटेवर आडवी असते. तीन फुटांवर खिडकी घेतली तर तिला आभाळाशिवाय काही दिसणार नाही. मिस्त्री तेलुगू बोलणारा, पण चित्र बघून त्याला एका मिनिटात कळलं. आईच्या खोलीची खिडकी त्यानं जमिनीपासून दीड फुटावर घेतली, गज जवळ जवळ लावले. आता तिला पडल्या पडल्या अंगण दिसतं. कुणाचे पाय आले ते तर दिसतंच, वर चेहराही दिसतो.

ज्यांना अजून वाटतं की या वयात हे ‘कायले’, त्यांना माझं एवढंच म्हणणं. आपल्यातली किती घरं पुढच्या पाच-दहा वर्षांत जाणार आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. वाटण्या चालू आहेत, मुलं हैदराबाद-पुण्याला आहेत, कुणी परदेशात आहेत. घर वाचवणं सगळ्यांना जमणार नाही. चार कागद जमतील. दिवाळीला गावी जाल तेव्हा एक वही घेऊन जा. दर्शनी बाजू काढू नका, तिचे फोटो आहेत. घरात जिनं किंवा ज्यानं सगळ्यात जास्त वेळ एका जागी काढला त्याची जागा शोधा. चूल असेल, गोठ्यातली बाज असेल, दुकानाचा गल्ला असेल, म्हाताऱ्या आजोबांची भिंतीकडची खाट असेल. तिथं त्या माणसाच्या उंचीवर बसा. फूटपट्टीनं आपल्या डोळ्यांची उंची मोजून कागदाच्या कोपऱ्यात लिहा. मग आडवी रेघ मारा आणि सुरू करा.

ते माणूस हयात असेल तर चित्र त्याला दाखवा आणि गप्प बसून ऐका. रेघा वाकड्या आल्या तरी त्याला चालतं, जागा बरोबर असली पाहिजे.